थार गाडी, मे महिना, टायर ७१ अंशांवर. किती तापमान चालतं?

संत्रानगरीकर (धागाकर्ता) · १२ मे, रात्री १०:४०

मंडळी, काल नागपूरहून नाशिकला आलो आणि वाटेत जे झालं त्यानं अजून झोप नाही, म्हणून हा धागा.

गाडी थार, २०२२ ची, डिझेल, फोर बाय फोर. टायर मूळ मापाचेच, २५५/६५ आर १८, पण कंपनीचे झिजल्यावर गेल्या वर्षी ऑल टेरेन (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींवर चालणारे) टाकले. आम्ही चौघं, मागं सामान, टपावर कॅरियर आणि त्यात दोन मोठ्या बॅगा. पहाटे पाचला पोर्चमध्ये चारही चाकांत ३० पीएसआय हवा मोजून ठेवली, तेव्हा बाहेर ३१ अंश होते. निघायला मात्र अकरा वाजले. समृद्धीवर १०५-११० चा वेग, बाहेर ४४.

व्हॉल्व्हवर टोपीसारखे बसणारे टीपीएमएस सेन्सर (टायरमधली हवा आणि तापमान दाखवणारे) लावलेत, त्यांचा अलार्म डब्यातून आला तसाच ७० अंशांवर आहे. कारंजा लाडच्या अलीकडे तो वाजला. पुढचे दोन्ही आणि मागचा उजवा ६८ अंश, ३५ पीएसआय. मागचा डावा ७१ अंश, ३३ पीएसआय.

कारंज्याला खाली उतरलो. पंक्चरच्या दुकानातले भाऊ म्हणाले, "उन्हानं हवा फुगते साहेब, पाच पॉइंट सोडून द्या, नाही तर फुटते." चारही चाकं ३० वर आणली आणि पुन्हा वर चढलो. अर्ध्या तासात तीन चाकं ७४-७५ आणि मागचा डावा ७९! मुलगी त्याच चाकावर बसली होती आणि मोबाइलवरचे आकडे वाचून दाखवत होती, "बाबा, ७८. बाबा, ७९." ते ऐकत स्टीअरिंग धरणं काय असतं ते शब्दांत सांगता येत नाही. मग ८० च्या वेगानं, थांबत थांबत, कसेबसे पोचलो.

नेटवर कुणी ७० ला थांबा म्हणतं, कुणी १०० पर्यंत चालतं म्हणतं. खरा आकडा कोणता? रविवारी परत जायचंय.

---

सह्याद्रीपुत्र · १२ मे, रात्री ११:०५

नायट्रोजन भरून घ्या. तापतही नाही, फुगतही नाही. मी माझ्या जिम्नी गाडीत तेच वापरतो.

---

बोरीवलीकर · १२ मे, रात्री ११:२०

वाचतोय. आम्हीही जूनच्या आधी शेगावला जाणार आहोत.

---

रबरकाका · १३ मे, सकाळी ६:१५

धागाकर्ते, मी टायर कारखान्यात २७ वर्षं काढली, आधी मिक्सिंगला (रबर मिसळायला), नंतर क्युअरिंगला (टायर साच्यात भाजायला). आता निवृत्त. जरा सविस्तर लिहितो, कारण तुमच्या गाडीत मुलं आहेत आणि तुम्हाला मिळालेला सल्ला चुकीचा होता.

टायर उन्हानं फुटत नाही. ऊन त्याला चुलीजवळ नेऊन ठेवतं, पण चूल त्याच्या पोटातच असते. चाक फिरताना जमिनीला टेकलेला भाग दबतो, पुढच्या क्षणी सुटतो. १०० च्या वेगाला तुमच्या मापाच्या टायरमध्ये हे सेकंदाला अकरा वेळा होतं. रबर दबताना जेवढी शक्ती घेतं तेवढी सुटताना परत देत नाही, राहिलेली उष्णता होते. हवा कमी म्हणजे टायर जास्त बसका, बसका म्हणजे दबणं जास्त, दबणं जास्त म्हणजे ताप जास्त. त्यात वजन आणि वेग मिळाला की तिन्हींचा गुणाकार होतो. हवा सोडून तुम्ही फुगलेला आकडा कमी केलात आणि दबणं वाढवलंत. ७१ चे ७९ तिथूनच झाले.

आता सुरक्षित आकडा. कायद्यात किंवा टायरच्या साइडवॉलवर (बाजूच्या भिंतीवर) असा एकच आकडा लिहिलेला नसतो. टायर आम्ही साच्यात १५० ते १७० अंशांना भाजतो, म्हणून लोकांना वाटतं की १०० ला काय होणार. पण भाजणं एकदाच, मिनिटांत, दाबाखाली आणि स्थिर असतं. रस्त्यावर तेच रबर तासन् तास हलत असतं. आतल्या पोलादी तारांना पितळेचा मुलामा असतो, त्या पितळाशी रबरातलं गंधक धरून बसतं. ती पकड गरमीनं आणि हवेतल्या प्राणवायूनं वर्षानुवर्षं झिजत जाते. साधारण दर १० अंशांना रबराचं वय दुप्पट वेगानं वाढतं असा आमचा ठोकताळा. आणि सगळ्यात गरम जागा तुमच्या सेन्सरला दिसतच नाही. ती असते खांद्यात (रस्त्याला टेकणारा भाग आणि साइडवॉल जिथं मिळतात तिथं), तारांच्या पट्ट्याच्या कडेला, जिथं रबर सगळ्यात जाड असतं. तुमचा सेन्सर व्हॉल्व्हच्या टोकाला बसून आत किती जाळ आहे याचा अंदाज देतो. आतली कड त्यापेक्षा नेहमी जास्त गरम.

म्हणून माझं माप असं, आणि हे माझ्या अनुभवातलं माप आहे: भरलेली फोर बाय फोर, हायवेचा वेग, सेन्सर बाहेरच्या हवेपेक्षा २० ते २५ अंश वर दाखवत असेल तर टायर आपलं काम करतोय. ३० च्या वर गेला की काहीतरी चुकतंय: हवा, वजन किंवा वेग. एकूण आकडा म्हणाल तर ७० ला लक्ष द्या, ८० ला वेग उतरवा, ९० दिसले तर सावली शोधून थांबा आणि हवेला हात लावू नका.

तुमचे ६८ म्हणजे बाहेरच्या ४४ च्या वर २४. विदर्भातल्या मे महिन्यात, त्या वजनाला, हे ठीक. हवा सोडल्यावरचे ७४ म्हणजे ३० वर. ७९ म्हणजे ३५ वर. हे ठीक नाही.

---

गणितवेडी · १३ मे, सकाळी ८:३०

काका, फार छान समजावलंत. पण मला आकड्यांत दुसरंच काहीतरी दिसतंय.

बंद जागेतली हवा तापली की दाब वाढतो, तो निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात. ३० पीएसआय गेजवर म्हणजे वातावरणाचा दाब धरून ४४.७. ३१ अंशांचे ६८ झाले तर तो ५०.१ व्हायला हवा, गेजवर साधारण ३५. तीन चाकांचा हिशोब तंतोतंत बसतो. चौथं चाक ७१ वर होतं, तिथं ३६ हवे होते आणि होते ३३.

सगळ्यात गरम चाकात सगळ्यात कमी हवा! उलटा हिशोब केला तर मागच्या डाव्यात थंड असतानाची हवा साडेसत्तावीसच्या आसपास उरली होती. पहाटे पाचला ३० होती ना? म्हणजे ते चाक गळतंय. सेन्सर बाहेरचा असल्यानं दोन-तीन अंश इकडं-तिकडं धरले तरी हा फरक त्यात लपत नाही.

आणि कारंज्याला गरम टायर ३० वर आणले तेव्हा थंड असतानाचा हिशोब तीन चाकांना २५ आणि त्या डाव्याला त्याहून थोडा कमी. चौघं जण, टपावर बॅगा आणि २५ पीएसआय. दादा, रविवारची वाट बघू नका, आजच ते चाक काढून दाखवा.

---

रबरकाका · १३ मे, सकाळी ९:१०

ताई, शाब्बास. हे माझ्या नजरेतून निसटलं होतं. धागाकर्ते, ताईंचं ऐका. चाक रिमवरून उतरवून आतून बघायला सांगा, नुसतं पाण्यात बुडवून बुडबुडे बघू नका.

---

संत्रानगरीकर · १३ मे, सकाळी ९:२५

हे वाचून पोटात गोळा आला. डिसेंबरमध्ये त्याच चाकाला खिळा लागला होता, दोरी घालून पंक्चर काढलं होतं. खिळा कडेला होता, खांद्याजवळ. दुपारी दुकानात जातो.

---

ताडोबावाला · १३ मे, दुपारी १:५०

भाऊ, मी ताडोब्यात जिप्सी चालवतो, बारा वर्षं झाली. आमच्याकडं मे मध्ये ४६ असते. जंगलात कच्च्या रस्त्यावर हवा कमीच ठेवतो, पर्यटकांना धक्के बसू नाही म्हणून. दिवसभर दोन फेऱ्या, सहा माणसं, पण टायर कधी फुटला नाही. कारण जंगलात २० च्या वर गाडी चालवताच येत नाही. तोच टायर तेवढ्याच हवेवर चंद्रपूरच्या रोडला ८० नं पळवला तर अर्ध्या तासात हात लावू देत नाही. म्हणून सांगतो, काका बरोबर आहे. ऊन तेच, टायर तोच, फरक वेगाचा.

आणि आमच्याकडचे ट्रकवाले गरम चाकावर पाणी मारतात. त्यानं वरचं थंड होते, आतलं होत नाही.

---

मस्कतची मृणाल · १३ मे, दुपारी ३:३०

ताडोब्याच्या दादांना +१. आमच्याकडं ओमानमध्ये हेच रोजचं आहे. शर्किया वाळवंटात शिरण्याआधी बिदियाला टायरची हवा १५ ते १८ वर आणतो, नाही तर गाडी वाळूत रुतते. वाळू ५०-६० अंशांची असते, तरी तिथं टायर जेमतेम तापतात, कारण वेग ३०-४०.

मोठी चूक आमच्या हातून परतीच्या वाटेवर झाली. तीन वर्षांपूर्वी संध्याकाळी वाळूतून बाहेर आलो आणि आमच्या कॉम्प्रेसरचा फ्यूज उडाला. पंप जवळ आहे, जाऊ हळूहळू, असं म्हणत डांबरावर चढलो आणि गप्पांच्या नादात वेग ८० ला गेला. पंधरा-वीस मिनिटांत जळक्या रबराचा वास. उतरून साइडवॉलला तळहात लावला, दोन सेकंदही टेकवता येईना. रिमच्या कडेला बोटभर रुंदीचा पट्टा उमटला होता, जणू कुणी रबर घड्या घालून ठेवलंय. चारपैकी दोन टायर टाकून द्यावे लागले.

तेव्हापासून घरात नियम आहे: वाळूची हवा डांबरावर न्यायची नाही. कॉम्प्रेसर दोन, फ्यूज चार, आणि हवा भरल्याशिवाय कुणी दार लावायचं नाही. महाराष्ट्रात कोकणातल्या किनाऱ्यावर किंवा चिखलात हवा कमी करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

काका, एक प्रश्न. आमच्याकडचे ऑस्ट्रेलियन लोक चार पीएसआयचा नियम सांगतात. थंड हवा मोजायची, तासभर चालवायचं, परत मोजायचं. चारच्या आसपास वाढली तर बरोबर, जास्त वाढली तर मुळात हवा कमी होती, कमी वाढली तर मुळात जास्त होती. हे विदर्भात चालेल का?

---

रबरकाका · १३ मे, संध्याकाळी ५:००

मृणालताई, नियम उत्तम आहे, कारण तो टायरलाच विचारतो की तुला किती दबावं लागतंय. फक्त एक दुरुस्ती. पहाटे मोजलेली हवा आणि दुपारी मोजलेली हवा यांत दिवसाची गरमीही मिसळते. ३० ते ३५ पीएसआयच्या टायरमध्ये दर १० अंशांना दीड-पावणेदोन पीएसआय नुसत्या हवामानानं वाढतात. विदर्भात पहाट ते दुपार १५ अंशांचा फरक सहज, म्हणजे अडीच पीएसआय त्यातच गेले. ते वजा करा आणि मग उरलेले चार बघा. धागाकर्त्यांच्या तीन चाकांत वाढ पाचाची, त्यातले दोन हवामानाचे. म्हणजे टायरनं स्वतः वाढवलेले तीन. म्हणून ते तीन टायर मला फारसे काळजीचे वाटत नाहीत.

आणखी एक. टायरचं तापमान अर्ध्या-पाऊण तासात एका जागी येऊन ठरतं. त्याच वेगाला, त्याच उन्हात, तासाभरानंतरही आकडा चढतच राहिला तर ते चाक हवा सोडतंय, किंवा ब्रेक धरून बसलाय, किंवा बेअरिंग गेलंय. ब्रेकचं असेल तर रिमही चटका देतो.

सह्याद्रीपुत्र, तुम्ही नायट्रोजनचं म्हणालात. आपल्या साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. तापल्यावर दोघांचा दाब सारखाच वाढतो. कोरडा असल्यानं ओलावा कमी, आणि प्राणवायू कमी असल्यानं तारांना थोडा फायदा, एवढं खरं. पण कमी भरलेला नायट्रोजन कमी भरलेल्या हवेइतकाच टायर जाळतो.

---

सह्याद्रीपुत्र · १३ मे, संध्याकाळी ५:४०

समजलं काका. दुकानदार सांगतो ते खरं मानत होतो. आता विचारतोच आहे तर: पावसात पकड चांगली राहावी म्हणून मी जिम्नी हायवेवरही फोर हायमध्ये (चारही चाकांना इंजिनची ताकद) टाकतो. त्यानं टायर तापतात का?

---

गिअरआणिगंज · १३ मे, संध्याकाळी ७:१५

याचं उत्तर मी देतो, माझं काम गिअरबॉक्सचंच आहे. जिम्नी काय, थार काय, दोन्हींत फोर व्हील ड्राइव्ह पार्ट-टाइम आहे, म्हणजे गरजेपुरतं लावायचं. पुढच्या आणि मागच्या शाफ्टच्या मधे डिफरेन्शियल (दोघांना वेगवेगळ्या गतीनं फिरू देणारी गिअरची जोडणी) नसतं, दोन्ही एकाच गतीनं फिरतात. वळणावर पुढची चाकं मोठ्या घेरातून जातात, त्यांना जास्त फिरायचं असतं, पण शाफ्ट फिरू देत नाही. चिखलात किंवा वाळूत चाक थोडं घसरून तो ताण सोडतं. कोरड्या काँक्रीटवर सुटायला जागाच नाही, मग टायर घासतो आणि तापतो, शिवाय ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या पेटीवर) ताण येतो. मुसळधार पाऊस, निसरडा घाट, तिथं फोर हाय लावा. रस्ता कोरडा झाला की टू हाय, म्हणजे दोनच चाकांना ताकद.

चारही टायरची झीज सारखी नसेल तर सरळ रस्त्यावरही हेच होतं, कारण घेर वेगळे होतात. म्हणून फोर बाय फोरवाल्यांनी टायर अदलाबदल वेळच्या वेळी करावी.

---

जुनाजाणता · १३ मे, रात्री ९:३०

रबरकाकांनी तारांच्या पट्ट्याच्या कडेचं लिहिलं, त्यावरून अमेरिकेतलं फायरस्टोन प्रकरण आठवलं. इथल्या तरुण मंडळींना माहीत असायला हवं, कारण तेही अशाच उंच गाडीचं होतं.

ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोननं ६५ लाख टायर परत मागवले. बहुतेक फोर्ड एक्सप्लोररला लागलेले. टायरचा वरचा थर पट्ट्यासकट सुटून यायचा, आणि उंच गाडी उलटायची. अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा खात्यानं पुढं २७१ मृत्यू मोजले. अपघात जास्त झाले ते टेक्सास, फ्लोरिडा, अॅरिझोना अशा गरम राज्यांत. फोर्डनं त्या गाडीला २६ पीएसआय सुचवले होते, फायरस्टोनचं म्हणणं ३० हवेत. दोन्ही कंपन्यांनी एकमेकींकडं बोट दाखवलं. तपासात चीर सुरू व्हायची ती पट्ट्याच्या कडेलाच, खांद्यात. त्याच वर्षी तिथं कायदा झाला आणि पुढं २००८ च्या मॉडेलपासून तिथल्या प्रत्येक नव्या गाडीत टीपीएमएस सक्तीचं झालं.

धागाकर्ते, तुमच्या गाडीत वाजलेला तो अलार्म त्या माणसांच्या जिवावर आलेला आहे. तो ऐकून तुम्ही थांबलात, हे फार चांगलं केलंत.

---

बोरीवलीकर · १४ मे, सकाळी ७:५०

माझ्या गाडीत सेन्सर नाहीत, इन्फ्रारेड गन आहे. ती कुठं धरायची?

---

रबरकाका · १४ मे, सकाळी ८:२०

थांबल्याबरोबर, मिनिटभराच्या आत. वरचा पृष्ठभाग लवकर निवतो, म्हणून खाचेच्या तळाशी धरा. एका टायरवर तीन जागा: आतली कड, मध्य, बाहेरची कड. दोन्ही कडा मध्यापेक्षा गरम तर हवा कमी. मध्य गरम तर हवा जास्त. एकच कड गरम तर अलाइनमेंट. आणि चारही चाकांची तुलना करा, त्यात सगळं कळतं. एक चाक बाकीच्यांपेक्षा १० अंश वर असेल तर तो रोगी.

---

संत्रानगरीकर · १४ मे, रात्री ८:१०

मंडळी, सांगायला उशीर झाला, माफ करा.

काल चाक उतरवलं. बाहेरून टायर नवाकोरा दिसत होता, खाच अजून आठ मिलिमीटर आहे. दुकानातल्या मुलानं मशीनवर बीड (रिमवर घट्ट बसणारी टायरची कड) सोडवली, टायर तिरका केला, आणि आतून काळा चुरा सांडला. पेन्सिलला टोक काढल्यावर पडतो तसा बारीक. मूठभर तरी असेल. साइडवॉलच्या आतल्या बाजूला सगळीकडून एक खडबडीत कडं, रबर सोललेलं, एके ठिकाणी आतले धागे दिसत होते. डिसेंबरची ती दोरी खांद्यात होती आणि आतून तिच्याभोवती रबर फाटलं होतं. तो मुलगा आधी काही बोलला नाही. मग म्हणाला, "यावर माणसं बसवून आणली तुम्ही?"

मी मुलीला तो चुरा दाखवला. ती त्याच चाकावर बसली होती.

मागचे दोन्ही टायर नवे घेतले, मागचा उजवा चांगला होता, तो स्टेपनीला गेला. साइडवॉलवरचा चार आकडी डेट कोड वाचून घेतला, आठवडा आणि वर्ष; दोन्ही नवे टायर याच वर्षाचे. जुनी स्टेपनी २०२२ चीच, कधी न वापरलेली, ती काढली. टपावरच्या बॅगा कुरिअरनं पाठवल्या. भरलेल्या गाडीसाठी दारावरच्या स्टिकरवर किती हवा लिहिलीय ते आयुष्यात पहिल्यांदा नीट वाचलं.

फेकायचा टायर दुकानातच एका गिऱ्हाइकानं तीनशे रुपयांना मागितला. वरून छान दिसतोय म्हणाला.

---

ताडोबावाला · १४ मे, रात्री ८:४०

दिला काय भाऊ?

---

संत्रानगरीकर · १४ मे, रात्री ८:४५

नाही. कटर मागून घेतला आणि साइडवॉलला दोन्हीकडून चिरा पाडल्या.

---

ताडोबावाला · १४ मे, रात्री ८:५०

लय बरं केलं. नाही तर पुढल्या हप्त्यात एखाद्या काळीपिवळीला दिसला असता, बारा माणसं घेऊन.

---

संत्रानगरीकर · १८ मे, रात्री ९:३०

रविवारी परत आलो. गणितवेडी ताईंसाठी आकडे टाकतो.

नाशिकहून पहाटे साडेपाचला निघालो, बाहेर २४ अंश, थंड हवा ३५ पीएसआय, चारही चाकं सारखी. वेग ९५, शंभरावर नेली नाही. दुपारी कारंज्याजवळ बाहेर ४३. चारही चाकं ५९ ते ६१ अंश, ४०-४१ पीएसआय. वाढ सहाची, पण बाहेरच १९ अंश वाढले होते, ते वजा करून टायरची स्वतःची वाढ तीनच्या आत. बाहेरच्या हवेपेक्षा १७ अंश वर. पुढं नागपूरपर्यंत आकडा तिथंच थांबून राहिला.

कारंज्याला मुद्दाम उतरलो आणि त्या पंक्चरवाल्या भाऊंना भेटलो. सोललेल्या टायरचा फोटो दाखवला. त्यांनी बराच वेळ मोबाइल हातात धरून बघितला, मग विचारलं, "म्हणजे उन्हाळ्यात सोडायची नाही हवा?" काकांचं वर लिहिलेलं सगळं त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी दुकानातल्या पोराला बोलावून ते परत एकदा वाचायला लावलं.

शनिवारी चिखलदऱ्याला जातोय. घाट उतरताना ब्रेकमुळे पुढच्या चाकांचा आकडा किती चढतो ते इथंच टाकतो.